समुद्राचं कुंपण

चौकटींच्या कामातून उरलेल्या लाकडी पट्ट्या फळीवर ठोकून नातीने भिंतीसाठी चित्र केलं होतं. टांगण्याआधी सुतार आजोबांनी सवयीने त्याला गुण्या लावला. एकही पट्टी काटकोनात नव्हती. ती शाळेत असताना त्यांनी खिळे उपसले, सगळ्या पट्ट्या सरळ बसवल्या आणि ते शाबासकीची वाट बघत बसले.

नात आली आणि बघतच राहिली. "आजोबा, माझा समुद्र कुठे गेला? हे तर कुंपण झालं."

म्हणजे त्या तिरक्या पट्ट्या लाटा होत्या. आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठली पट्टी कशी होती, सांग बघू. परत ठोकतो."

"आता नाही आठवत." मग त्यांचा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, "राहू दे. कुंपणही छान आहे."

आजोबांची मान वर होईना.