तळातल्या पिशव्या

गाठ तेवढी दिसत होती. बर्फाच्या पांढऱ्या भुकटीतून वर आलेलं दोऱ्याचं एक टोक, आणि त्याच्या मुळाशी ती गाठ, एका बाजूनं ओढली की सर्रकन सुटणारी, नूरमोहम्मदच्या हातची... आणि फ्रीजरमधून येणारा गारवा चेहऱ्यावर घेत रईसा वाकून तिच्याकडे बघत राहिली. हात काही पुढे जाईना.

काढायला तर हव्याच होत्या पिशव्या. काल तबस्सुम मॅडमनी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, पण आत पाऊल टाकत नाहीत, ओढणीला फोडणीचा वास लागतो म्हणे. "आपा, बकरीद तोंडावर आली. मोहल्ल्यातून नवे हिस्से येतील, ते ठेवायचे कुठं? तळाला गेल्या सालचं जे राहिलंय ते या जुम्याला शिजवून टाका." शिजवून टाका! जसा काही कोपऱ्यातला केर काढून टाकायचाय.

दर बकरीदला शहागंजमागच्या गल्ल्यांमधून कुर्बानीच्या मटणाचा एक हिस्सा या मुलींच्या शाळेला यायचा. सिल्लोडकडच्या खेड्यापाड्यांतल्या मुली, इथंच राहणाऱ्या, शुक्रवारी दुपारी ताटात मटणाचं सालन पडलं की आठवडाभराची घराची आठवण थोडी मागे सारणाऱ्या. आणि तो हिस्सा कापायचा, पिशव्यांत भरायचा, बांधायचा मान नूरमोहम्मदचा — शहागंजात त्यांचं मटणाचं दुकान, आणि बायको, म्हणजे रईसा, याच शाळेत स्वयंपाकाला. गेल्या ईदलाही त्यांनीच बांधलं. मग पाऊस सरता सरता एका सकाळी दुकानाचं शटर अर्धं उचललं आणि तिथंच खाली बसले, बस्स. पिशव्या राहिल्या.

"आधी वरचं संपवू," असं ती दर शुक्रवारी हाताखालच्या करुणाला सांगत आली. आधी दुसऱ्यांनी दिलेलं, मग बाजारातून आणलेली कोंबडी, मग पुन्हा कोंबडी... आणि त्यांच्या पिशव्या खाली खाली सरकत गेल्या. आपण असं का करतोय, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. स्वयंपाकघराचं कुलूप उघडलं की फ्रीजरची घरघर ऐकू यायची आणि जिवाला बरं वाटायचं, एवढंच तिला ठाऊक. कुणीतरी आपल्याआधी उठून आत काहीतरी करत बसलंय असं.

तिनं हात घातला. बोटांना चटका बसला थंडीचा. एक पिशवी ओढली तर दुसरी तिला चिकटून आली, तिसरीही. पिशव्या तिनं उभ्या रचल्या होत्या, दप्तरातल्या वह्यांसारख्या. आता त्या एकमेकींच्या अंगावर ढेपाळून तशाच गोठल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात काळपट लाल बर्फ साचला होता. आधी पाणी सुटल्याशिवाय असा बर्फ साचत नाही. कधी सुटलं पाणी?

"कचरूभाऊ!" तिनं खिडकीतून हाक मारली. "रमजान ईदच्या सुट्टीत लाइट गेली होती का?"

कचरू चौकीदार झाडू ठेवून आला. "लाइट कुठं गेली? म्याच मेन बंद केलं हुतं. दरसाली करतो की. शाळा बंद, मंग उगं आग-बिग लागली तर? दुसऱ्या दिशी मॅडमनी पाण्याची मोटार लावाया सांगितली तवा चालू केलं."

"आणि फ्रीजर?"

कचरूनं कान खाजवला. "फ्रीजर... त्यो तर माह्या ध्यानातच नाय आला, आपा."

त्या दिवशी ती सिल्लोडला लेकीकडे होती, शीरखुर्मा ढवळत होती, नातवंडांना रागवत होती... आणि इथं अंधारात हे सगळं हळूहळू मऊ पडत होतं, पाणी सोडत होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. ते गेले त्या सकाळीही ती घरीच होती. चहा गाळत होती, आणि ते शटरखाली.

"आपा, राग मानू नका," करुणा कणीक मळता मळता थांबून म्हणाली. ही करुणा तोंडाची खरी, मनात काही ठेवायची नाही. "बाहेर काढल्यावर वास येतोय याला. जुन्या तेलासारखा."

"कसला वास? कुर्बानीचं आहे ते! त्याला काही होत नसतं." तिच्या सासूच्याच सुरात निघालं ते तोंडातून. अख्खा मोहल्ला हेच म्हणायचा. बरकतीचं मटण, ते फेकायचं नाही, ते सडत नाही. आणि रईसा काय दूधखुळी होती? पंचवीस-तीस वर्षं खाटकाच्या घरात काढलेली बाई. तिच्याही नाकाला कळत होतं. पण नाकाचं ऐकलं असतं तर मग... तर मग काय उरणार होतं माझ्याकडे? एक सुरा, तो पुतण्या घेऊन गेला. एक लुंगी, ती मीच देऊन टाकली. रडारड नको म्हणून सगळं भराभर देऊन टाकलं, शहाणपण केलं मोठं!

तिनं एक पिशवी पाण्यात टाकली. बर्फ सुटला तसं गाठीचं टोक ओढलं — सर्रकन. तुकडे परातीत पडले. कडा पांढऱ्या, वाळक्या चामड्यासारख्या. तिनं हळद चोळली, धुतलं, पुन्हा धुतलं. कांदा लाल केला, आलं-लसूण रोजच्यापेक्षा जास्त घातलं, आणि करुणा बघतेय हे दिसत असून तिच्याकडे पाठ केली. आज जेवायचं होतं तिला. त्यांच्या हातचा तुकडा दाताखाली यायला हवा होता, एकदा, शेवटचा. संध्याकाळी ते लिंबानं हात धुऊन यायचे, तरी बोटांना थोडा वास राहायचाच, आणि कागदात गुंडाळलेली मटणाची नळी पुढे करायचे: "बेगमसाहिबा, आपका हिस्सा." मस्करी नुसती. मी नाक मुरडायची... किती वेळा नाक मुरडलं मी! आता कुणी ती बोटं नुसती नाकासमोर धरली तरी पुरे.

झाऱ्यानं ती पातेल्यात नळी शोधू लागली. नळी नव्हतीच. सगळे तुकडे बोटाच्या पेराएवढे, एकसारखे.

तिनं एक तुकडा तळहातावर घेतला, फुंकला, तोंडात टाकला. वाढण्याआधी चाखायचं, ही तिची रोजची रीत. आधी मसाला लागला, मग दोऱ्यासारखे कोरडे धागे, आणि त्यामागून खवट, कोंदट काहीतरी जिभेवर पसरलं. थुंकायला हवं होतं. पण ती चावत राहिली. थोडं थांबलं तर त्याखालून ते येतील, अशी वाट बघत... वेडी कुठली! कापणाऱ्याची कधी चव लागते का मटणाला?

"खाला, झालं?"

दारात लाइबा उभी होती, शाळेतली सगळ्यांत लहान, ताट छातीशी धरून. वास घेत होती डोळे मिटून. ही पोरगी आधी नुसती पोळी-रस्सा खाते, तुकडे ताटाच्या कडेला मांडून ठेवते आणि शेवटी एकेक करून खाते.

"जुम्याला सालन असतंच ना, खाला?"

आणि रईसाचा हात झाऱ्यावर तसाच राहिला. गेल्या बकरीदच्याही आदल्या ईदनंतर, ही नवी नवी आली होती तेव्हा, हिच्याच घशात हाडाची किरच अडकली होती. नूरमोहम्मद काहीतरी द्यायला शाळेत आले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. पाठीत थापट्या मारून काढली त्यांनीच, पण घरी आले ते गप्प गप्प. म्हणून मग गेल्या ईदला शाळेचा हिस्सा घेऊन ते दुपारभर बसले — एकेक तुकडा अंगठ्यानं चाचपून, किरच काढून, लहान लहान करत. ती चिडली होती, किती वेळ लावताय, पाहुणे खोळंबलेत! तर मान वर न करता म्हणाले, "बच्चियों के मुँह में जाने का है ये, रईसा."

बच्चियों के. माझ्या नव्हे. ताजं होतं तेव्हा या पोरींच्या तोंडी जायचं होतं ते, आणि मी झाकून ठेवलं, वरती कोंबड्या रचून... आणि आता हे? हे द्यायचं हिला?

तिनं गॅस बंद केला.

"करुणा, डाळ टाक. अंडी उकड."

करुणानं डाळीचा डबा काढला. लाइबाचा चेहरा पडला. मॅडमना कळलं तशा त्या दारापर्यंत आल्या. "आपा, चांगलं उकळलं की काही राहत नाही हो. कुर्बानीचं वाया घालवायचं?"

"मुलींना देणार नाही मी हे," रईसा म्हणाली. आवाज चढला होता, तिचा तिलाच ऐकू आला. "आणि कचऱ्यातही टाकणार नाही."

मॅडम ओढणी सावरून परत गेल्या.

शाळेमागे कडुनिंबाखाली कचरूनं खड्डा खणला. पातेलं आधी रितं झालं, मग एकेक पिशवी, अजून दगडासारख्या. शेवटच्या पिशवीची गाठ वर आली होती. बोटं टोकावर गेली... ओढली नाही तिनं. तशीच ठेवली आत.

"मी लोटतो माती, आपा. तुमी जावा," कचरू म्हणाला.

"थांबा."

ती खाली बसली. तिच्या माणसाला नेलं तेव्हा ती उंबऱ्याच्या आत होती, बायका जात नाहीत कब्रस्तानात. पुरुष परत आले आणि दारापुढच्या नळावर हात धुऊ लागले, आणि पडद्याआडून ती त्यांच्या हातांकडे बघत होती. त्या मातीचा हेवा वाटला होता तिला, ती नळाखाली वाहून चाललेली माती! कुणाला सांगितलं नव्हतं. हे सांगायचं तरी कसं? तिनं मूठ भरली. माती वरून गरम होती, आतून ओलसर. पिशवीवर पडली तेव्हा आवाज झाला. पुन्हा मूठ भरली, पुन्हा... गाठ दिसेनाशी झाली. हे असं करतात का, चालतं का, कुणाला विचारायचं? ती मूठ भरत राहिली.

आत आली तेव्हा मुली रांगेत बसल्या होत्या. फ्रीजर बंद होता, झाकण उघडं. घरघर नव्हती, आत कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"खाला, मग पुढच्या जुम्याला?" लाइबानं विचारलं.

"ईदला येईल. ताजं."

कापणार कोण? पुतण्या, वासिफ, दुकान तोच बघतो आता. मोठे मोठे तुकडे करतो, घाईचा आहे. त्याला सांगायला हवं, लहान काप, अंगठ्यानं चाचपून बघ. त्यासाठी त्या दुकानासमोर जाऊन उभं राहायला हवं. आणि ती तर गेले कित्येक महिने भाजीलासुद्धा मागच्या गल्लीनं जाते, ते शटर दिसू नये म्हणून. तिथं ते नसतील. तिथं, इथं, घरी, कुठंच.

"आपा, वाढताय ना?" करुणानं विचारलं.

वाढायचं होतं. त्याआधी हात धुवायचे होते. रईसा मोरीपाशी उभी होती, नळ सोडलेला, पाणी नुसतंच वाहत होतं. नखांत माती होती, बोटांच्या रेषांत होती. तिनं हात नळाच्या जवळ नेले, आणि पाण्याला लागू दिले नाहीत.