हवेत अडलेला ठोका

मी एक जुना हातोडा आहे मित्रांनो, पण दचकू नका. खिळे ठोकणाऱ्या मंडळींशी माझं काही नातं नाही. माझं डोकं रबराचं आणि तिकोनी, दांडा पोलादाचा. डॉक्टर मला गुडघ्याखाली हलकेच मारतात आणि पाय आपसूक उडतो. तो उडाला की समजायचं, नसांमधून निरोप नीट जातोय. काम एवढंसं, पण माझा जीव मेला कधी थाऱ्यावर नसतो. ठोका पडल्यापासून पाय उडेपर्यंतच्या त्या क्षणात माझं निम्मं आयुष्य गेलं.

साच्यातून बाहेर पडलो आणि पहिल्यांदा गेलो ते मोठ्या डॉक्टरांच्या हाती. ते शिकाऊ डॉक्टरांना बजावायचे, "आधी याला विचारा, मग यंत्राला." मी फुशारून जायचो. पण ते निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. कुणीतरी मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं! ज्याने हजारो पाय उडवले, त्याच्यावर एक लाकडी पाय तीन वर्षं बसून राहिला. बोलायचं कुणाला?

तिथून मला काढलं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डातल्या तरुण डॉक्टर मॅडमनी. साबणाने धुतलं, खिशात घातलं आणि कामाला जुंपलं.

मित्रांनो, तिथल्या बऱ्याच मुलांना रक्ताचा कर्करोग असतो. औषधं जालीम असतात. ती वाईट पेशींना मारतात, पण त्यातली काही जाता जाता नसांनाही दुखावतात. मग कुणाच्या तळपायाला मुंग्या येतात, कुणाला शर्टाचं बटण लागत नाही, कुणाचं पाऊल लुळं पडतं. एखाद्याला झटका येतो, बोलता बोलता जीभ अडखळते. वेळेवर कळलं तर डॉक्टर औषध कमी करतात, थांबवतात, बहुतेकदा गाडी रुळावर येते. म्हणून नसांना दुखावणारं इंजेक्शन द्यायच्या आधी माझा ठोका ठरलेला.

त्या वॉर्डात एक आठ वर्षांची मुलगी होती. नाव काहीही असो, सगळे तिला घाईबाईच म्हणत. जेवण आलं की घाई, सलाईन लागली की "संपली का?" ची घाई. तिला घरी जायचं होतं. तिचा धाकटा भाऊ नुकता बोलायला लागला होता आणि शेजारच्या मुलीला ताई म्हणत होता. बाबांनी हे फोनवर हसत हसत सांगितलं. घाईबाई हसली नाही. फोन आईकडे देऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता त्या मुलांचा एक समज ऐका. एका दांडगोबाचा पाय माझ्या ठोक्याने असा उडाला की नर्सच्या हातातला ट्रे खाली आला, आणि त्याच दिवशी त्याला घरी सोडलं. खरं तर त्याच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते. पण मुलांनी ठरवून टाकलं, हातोडा म्हणजे परीक्षा! लाथ उंच गेली की पास, पास झालं की घर.

घाईबाईने सराव सुरू केला. पहिल्यांदा तिने फसवलं तेव्हा मी हबकलोच. माझं रबर टेकलं, आतून काहीच उत्तर नाही, आणि तरी पाय उडाला! तो तिने उडवला होता. मॅडमना वीस मुलं तपासायची होती. त्यांनी कागदावर "ठीक" लिहिलं. टाचांवर चालून दाखव म्हटलं तर घाईबाई पोट धरून बसली. "राहू दे, उद्या बघू," मॅडम म्हणाल्या.

अहो, उद्या काय उद्या! मी खिशात तळमळत होतो. तिची चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि तिला पत्ताही नसायचा. आई ओरडायची, "पाय उचलून चाल गं, किती तो आळस!" आळस कसला डोंबलाचा? पाऊल उचललंच जात नव्हतं. आणि दुपारी तेच इंजेक्शन पूर्ण मापाने द्यायचं ठरत होतं. मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार. मॅडमनी मला उचललं, हात खाली आणला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात हवेतच थांबला. मी गुडघ्यापासून चांगला वीतभर वर होतो.

आणि पाय उडाला.

मॅडमनी फोन घेतला नाही. त्या पायाकडे बघत राहिल्या, मग घाईबाईकडे. घाईबाईचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मॅडम पलंगावर तिच्याशेजारी बसल्या.

"कधीपासून करतेयस हे?"

"मागच्या इंजेक्शनपासून," ती हुंदके देत म्हणाली. "नापास झाले तर घरी सोडणार नाही ना? बाळ मला विसरेल."

आईने तोंडाला पदर लावला. मॅडमनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुला विचारायलाच हवं होतं." त्यांनी तिला धरून टाचांवर उभं केलं. उजवं पाऊल फटकन खाली पडलं. ट्रेमधलं इंजेक्शन परत गेलं. औषधाचं माप बदललं, पाऊल सरळ ठेवायला पट्टा आला, रोजचा व्यायाम सुरू झाला. आई आता "पाय उचल" म्हणत नव्हती. स्वतः बसून ते पाऊल हातांनी वर-खाली करायची.

तीन आठवडे गेले. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले आणि मॅडम मला घेऊन पुन्हा तिच्यासमोर बसल्या. या वेळी घाईबाईने मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, डोळे मिटले. ठोका पडला. मी वाट पाहिली, सगळ्यांनीच पाहिली.

"नाही उडाला," ती डोळे न उघडताच म्हणाली. "आजही नाही. पण मुंग्या कमी आहेत, खरंच."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "आवर तुझं सामान. आज घरी जायचंय."

मित्रांनो, नसा बऱ्या व्हायला महिने लागतात. कधी उडेल तिचा पाय, मला माहीत नाही, आणि त्या काळजीने मी अजून खिशात चुळबुळतो. वॉर्डातल्या मुलांनो, तुमचं एकच मागणं आहे माझ्याकडे, लवकर घरी सोडा. माझंही एकच आहे. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, कळत नसेल तर कळत नाही म्हणा. आणि मोठ्यांनो, लेकरू पाय ओढत चाललं तर ओरडायच्या आधी खाली बसा आणि त्याचं पाऊल हातात घ्या.