आयरिशची सवलत

घंटा झाली. गणिताची पुस्तकं दप्तरात गेली, आयरिशची बाहेर आली, आणि ज्युलिया मॉन उठली. तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. आता तिसरं वर्ष चालू होतं, सांगायची गरज केव्हाच संपली होती. मिस टूही वर्गात शिरत आणि ज्युलिया बाहेर पडे. उंबऱ्यावर दोघींची गाठ पडली की बाई हसून म्हणत, "दार हळू लाव हं, बाळ." आयरिशच्या या बाई ज्युलियाशी इतकंच बोलत आल्या होत्या.

बॉयलरला लागून एक छोटी उबदार खोली होती. तिथे मदतनीस मिसेस डोलन ज्युलियासाठी एक बिस्कीट आणि रंगवायची चित्रं काढून ठेवत. पंधरा वर्षांच्या मुलीला ससे रंगवायला द्यायचे! पूर्वी त्या खोलीत ज्युलियासारख्याच भटक्या जमातीतल्या आणखी दोघी असत. एकीचं लग्न झालं, दुसरी घरच्यांबरोबर इंग्लंडला गेली. आता ज्युलिया एकटीच उरली होती. भिंतीपलीकडून तिचा वर्ग एका सुरात काहीतरी म्हणत असे आणि मध्येच सगळ्या हसत. त्या कशाला हसल्या हे तिला कधीच कळत नसे.

या देशात शाळा संपेपर्यंत आयरिश कोणाला चुकत नाही. इतकी वर्षं घोकून बहुतेकांना पुढे 'बाई, मी जाऊन येऊ का' एवढंच धड विचारता येतं, हा भाग निराळा. पण घोकतात सगळे, कुरकुरतात सगळे, आणि मोठेपणी 'आपली भाषा' म्हणून छातीही सगळेच फुगवतात. सवलत मिळते ती परदेशातून उशिरा आलेल्या मुलांना, नाहीतर ज्यांना अक्षरंच उमगत नाहीत त्यांना. ज्युलियाचं यातलं काहीच नव्हतं. लहान शाळेत ती सगळ्यांबरोबर आयरिश शिकली होती आणि तिला ती आवडतही होती. पण क्लूनमोरच्या या मुलींच्या शाळेत एक रीत पडून गेली होती. भटक्यांची मुलगी आली की तिला आयरिशमधून मोकळं करायचं. नाहीतरी ही पोरं टिकतात किती दिवस? असा नियम कुठेच नव्हता आणि कोणाच्या मनात पापही नव्हतं. म्हणूनच ती रीत इतकी वर्षं बिनबोभाट चालली.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहात पुढच्या शिक्षणाची माहिती द्यायला शिक्षिका घडवणाऱ्या एका कॉलेजातून एक बाई आल्या होत्या. ज्युलिया तळावरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोळा करून शाळा-शाळा खेळायची, तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. आपण लहान मुलांच्या शाळेत शिकवायचं. हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. आज धीर करून तिने हात वर केला.

"मला त्यासाठी काय काय लागेल?"

"इतर विषय नीट कर," बाई म्हणाल्या, "आणि वरच्या पातळीची आयरिश हवी. त्याशिवाय लहान मुलांच्या शाळेत कोणी घेत नाही."

मागून एक मुलगी फिसकन हसली. "बाई, ती तर आयरिशला बसतच नाही!"

"अच्छा, सवलत आहे का?" बाईंनी कौतुकाने विचारलं. "कुठून आलीस गं तू? कोणता देश तुझा?"

सगळ्या सभागृहात खसखस पिकली. "तळावरून आलीय ती!" "घोडेखाटकांच्या देशातून!" भटक्यांना हिणवायचा गावातला हा जुना शब्द होता.

"मी इथलीच आहे," ज्युलिया म्हणाली. "माझ्या आज्याला याच गावात पुरलंय." पण तिचा आवाज हशात बुडून गेला आणि बाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

गावाबाहेर, खाणीच्या रस्त्याला मॉन मंडळींचा तळ होता. ज्युलिया पोचली तेव्हा तिची आई नॅन गाडीघरातल्या काचेच्या कपाटातली सोनेरी काठाची ताटं पुसत होती. शेगडीवर बेकन आणि कोबी शिजत होता. पोरीचा चेहरा पाहून नॅनने फडकं खाली ठेवलं.

"कोणी काही बोललं?"

ज्युलियाने सगळं सांगितलं. नॅन तिच्याजवळ येऊन बसली.

"अगं, पण शाळेतली ती मोठी बाई केवढं गोड बोलली होती! म्हणाली, पोरीवर जादा ओझं कशाला, आयरिश नाही टाकत तिच्यावर. मला वाटलं, चला, गावातल्या कोणीतरी आपल्यावर माया केली. मी तर तिचे आभार मानून आले गं!"

तिचा नवरा मार्टिन घोडा बांधून आत आला होता. तो दारातूनच म्हणाला, "मास्तरीण व्हायचंय? आणि पोरं कोण देणार तुझ्या हातात? आपण दुकानात शिरलो तर मागे माणूस लावतात हे लोक. कशाला हसं करून घेतेस?"

"हसं तर झालंच, डॅडी," ज्युलिया म्हणाली. "आता अजून काय व्हायचं राहिलंय?"

"तू गप रे," नॅन नवऱ्यावर खेकसली. "मला अजून बसवरची पाटी वाचता येत नाही. ज्याला त्याला विचारत फिरते, बाबा ही कुठे जाते म्हणून. माझ्या पोरीने तसं विचारत फिरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मायलेकी मुख्याध्यापिका मिसेस गेराटींच्या खोलीत बसल्या होत्या. नॅनने मयतीला आणि लग्नाला घालायचा कोट घातला होता. मिसेस गेराटींनी स्वतः चहा ओतला. त्या खरोखरच प्रेमळ बाई होत्या. मिस टूहींनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

"मिसेस मॉन, आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं हो."

"भलं करायचं तर आधी विचारायची रीत असते, बाई. हे दार कायमचं बंद होईल, असं का नाही सांगितलंत? मी अडाणी आहे, पण माझं लेकरू कशात सुखी आहे ते मला कळतं."

मिसेस गेराटींनी कप खाली ठेवला. "साधारणतः तुमच्या मुली इतकं शिकत नाहीत, म्हणून…"

"शिकू दिलं तर शिकतील ना!"

"पण आता फार उशीर झालाय. तिच्या वर्गाची आयरिश कुठच्या कुठे पोचली. मधलं सगळं राहिलंय."

"मला पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवा," ज्युलिया म्हणाली. "फक्त आयरिशसाठी."

"अगं, बारा वर्षांच्या मुलींमध्ये? चेष्टा करतील तुझी."

"चेष्टेचं काय, ती रोजचीच आहे. मी त्या खोलीत परत जाणार नाही. ससे रंगवून झाले माझे."

मिस टूही खिडकीपाशी उभ्या होत्या. इतके दिवस आपण या मुलीला दार हळू लावायला सांगत होतो, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पहिल्या वर्षाला आयरिश मीच शिकवते. येऊ दे तिला," त्या हळूच म्हणाल्या. मिसेस गेराटींनी होकाराची मान हलवली.

हे जिंकणं होतं का? वाचकांनी तिचे पुढचे दिवस पाहावेत आणि ठरवावं. बरोबरीच्या मुली तिला 'बालवाडी' म्हणू लागल्या. तळावरच्या चुलत बहिणी 'मास्तरीणबाई, पाया पडतो हं' म्हणून वाकून दाखवू लागल्या. पहिल्या वर्षाच्या चिमुरड्यांना ती फार मोठी वाटे. त्या तिच्या बाकावर बसत नसत. दुपारच्या सुट्टीत ती भिंतीला टेकून पावाचा तुकडा खाई. इकडचं कोणी तिचं नव्हतं आणि तिकडचंही. पूर्वी निदान खोलीत मिसेस डोलन असत. एक-दोनदा तिला वाटलं, सोडून द्यावं सगळं. रात्री उशीत तोंड खुपसून ती रडली. सकाळी पुन्हा दप्तर उचलून निघाली.

एके दिवशी वर्गात धडा वाचताना ज्युलिया अडखळली. पुढच्या बाकावरची एमर नावाची मुलगी मागे वळली. तिला खवचटपणा माहीत नव्हता. तिला खरंच कुतूहल होतं.

"तू नापास झालीस का गं?"

"नाही. मला बसूच दिलं नव्हतं."

"का?"

ज्युलियाने पुन्हा धड्यावर बोट ठेवलं. एमरने मिस टूहींकडे पाहिलं. "का हो, बाई?"

सगळा वर्ग बाईंकडे बघू लागला. 'पुस्तकात लक्ष द्या' म्हणून वेळ मारून नेता आली असती. मिस टूहींनी खडू खाली ठेवला.

"आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "ती भटक्यांची म्हणून आम्ही तिला बाहेर ठेवलं. तिला विचारलंही नाही."

एमरने मान डोलावली. "चुकलं तुमचं. मग लहान मुलींत ती का बसते?"

बाईंकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. आपल्या गावात, आपल्या शाळेत मायेच्या नावाखाली कोणाकोणाला दाराबाहेर बसवलंय, हे ज्याने त्याने आठवावं आणि उत्तर सापडलं तर त्या पोरीला कळवावं.

तास संपल्यावर मिस टूही ज्युलियाच्या बाकापाशी आल्या. "राहिलेलं सगळं मी तुला शिकवते. रोज शाळा सुटल्यावर, तुझ्या वर्गाला गाठेपर्यंत. उपकार म्हणून नाही, माझं कामच होतं ते. चालेल?"

ज्युलियाला ओरडून हो म्हणायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली,

"आधी मम्मीला विचारा, बाई."

"विचारते. उद्या शाळेत बोलावू त्यांना?"

"नाही. तुम्ही या."

शाळा सुटल्यावर मिस टूहींनी कोट चढवला. इतकी वर्षं गावात राहून त्या खाणीच्या रस्त्याला कधी वळल्या नव्हत्या. ज्युलिया पुढे चालली आणि बाई तिच्या मागोमाग तळाकडे निघाल्या.