बुजवलेली जाळी

लग्नाला वर्ष होत आलं, तरी दीपमालाच्या हातचं सासूला काही म्हणून पसंत पडेना. भाजी फिकी, भाकरी जाड, पदर असा का नि तसा का! म्हणून यंदा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत सासूच्या, वत्सलाबाईंच्या, गळ्यात आपण विणलेला स्कार्फ दिसलाच पाहिजे, असं या पोरीने मनावर घेतलं.

मोबाईलवर बघून बघून ती शिकली. दोन टाके एकात विणायचे, सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, की पडलंच सुबक भोक. राणी, हळदी, पोपटी असे पट्टे आणि त्यात भोकांची नक्षी. सासूने विचारलंच, तर "मैत्रीणकरता शे" असं ठोकून द्यायचं.

यात्रेच्या आदल्या दिवशी ती शहाद्याहून बाजार करून आली, स्कार्फची पिशवी उघडली, आणि बघते तर काय! एक भोक जागेवर नाही. ज्या त्या रंगाच्या उरलेल्या लोकरीने सगळी घट्ट बुजवलेली.

"आई! हाई काय करं तुम्ही?"

वत्सलाबाईंचा जन्म गोधड्या शिवण्यात गेलेला. भोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

"अवं, कितला भोकं पडी गयात वं! लोके तुले हासतीन, म्हनीसन बठ्ठा बुजी टाकात मी."

दीपमालाचा संताप संताप झाला, डोळेही भरून आले.

"ती जाळी शे, आई! आनि मैत्रीणकरता नही, तुम्हनाकरता शे!"



"मन्हाकरता?" वत्सलाबाई म्हणाल्या. मग चष्मा नाकावर ओढला, सुई घेतली आणि आपणच घातलेले टाके आपणच उसवायला बसल्या. दुसऱ्या टोकाने दीपमाला बसली. मध्येच दोघींना असं हसू फुटलं की आवरेना. त्या दिवशी स्वयंपाकाचं नावच निघालं नाही. सासरे सुकलाल चहात शिळी भाकरी बुडवून खाऊन मुकाट उठले.

यात्रेत बायांची नजर घोड्यांपेक्षा वत्सलाबाईंच्या गळ्यावरच. शेजारची कौसाबाई खिदळली, "वत्सला, नवा स्कार्फले भोकं पडी गयात ना वं!"

दीपमालाने सासूकडे पाहिलं.

वत्सलाबाईंनी स्कार्फ चांगला छातीवर पसरला.

"भोकं नहीत, जाळी शे. मन्ही सूननी मन्हाकरता विणेल शे. तुले पायजे व्हई, ते तुन्ही सूनले सांग!"