घोड्यांची बाटली

शेवटच्या दिवशीही दवाखाना उघडल्या उघडल्या बाबांनी तेच विचारलं, "अंक आला का?"

"नाही," ती म्हणाली.

अंक म्हणजे राष्ट्रीय पशुवैद्यक संघटनेचं मासिक. ते सभासदांनाच मिळे, आणि बाबांचं नाव यादीतून काढल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हा अंक येणार कुठून? पण विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. मग ते एका पोपटाची वाढलेली चोच घासत बसले. पोपटाने बोट फोडलं.

"घ्या. आता हाही संघटनेकडे तक्रार करणार," बाबा हसले.

ती हसली नाही, हात धुवायला गेली. संघटनेचा विषय निघाला की तिला लगेच हात धुवायचे असत. संध्याकाळी बाबांनी कुलूप लावलं, सवयीने दोनदा ओढून पाहिलं. सकाळी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ती संघटनेच्या कार्यालयात गेली. मासिकाच्या शेवटच्या पानावर दिवंगत सभासदांवर चार ओळी येत. वर्षानुवर्षं त्या बाबाच लिहीत, आणि प्रत्येकात त्या डॉक्टरने वाचवलेलं एक तरी जनावर असेच. बाबांवर तिने लिहून आणल्या होत्या. जनावर निवडताना मात्र तिचा अख्खा दिवस गेला होता.

बाहेरच्या बाकावरून समोरच्या भिंतीवरची आचारसंहिता दिसत होती. अकरावा नियम बाबांनी आग्रहाने घालायला लावलेला: ज्याने इंजेक्शन दिलं, केसपेपरवर सही त्याचीच.

तीन वर्षांपूर्वी ती याच बाकावर बसली होती. दात काढायला आणलेला एक काळा कुत्रा दवाखान्यात दगावला होता. कपाटात गुंगीच्या औषधाच्या दोन सारख्याच बाटल्या होत्या, एक कुत्र्यामांजरांची, दुसरी घोड्यांची, पाचपट तीव्र. तिला डॉक्टर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आवाज ऐकून बाबा मागच्या खोलीतून आले, लेबल वाचलं, केसपेपर ओढला आणि सही ठोकली. "माझं आता काय राहिलंय? तू गप्प बस," म्हणाले. ती गप्प बसली. एवढ्या आज्ञाधारकपणे ती लहानपणीही कधी वागली नव्हती.

आता सचिवांनी तिला आत बोलावलं. ते बाबांचे जुने विद्यार्थी. कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की हे पान सभासदांपुरतंच आहे, त्यांचा नाइलाज आहे.

निकालाचा फेरविचार नाही का होणार, तिने विचारलं. होतो, ते म्हणाले, पण अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो. माणूस गेला की फाइल बंद.

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लेबल वाचल्याशिवाय सर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आम्ही वर्गात थट्टा करायचो त्यांची. चौकशी समितीत आम्ही पाच जण, एकालाही खरं वाटलं नव्हतं. म्हणून तर तेव्हा तुम्हाला आत बोलावलं, ताई."

"मी म्हणाले होते, बाबांनी लिहिलंय तसंच झालं."

"हो. तुमच्या एका शब्दासाठी आम्ही निकाल आठवडाभर लांबवला. सरांना हे सांगायचं नाही, असंही ठरलं होतं आमचं." त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी तिच्यापुढे सरकवली. "जाऊ द्या. आता बोलून काय उपयोग?"

काहीच नव्हता. तिलाही ते दिसत होतं. फाइल बंद होती, पेन बंद होतं, आणि अंकाची वाट पाहणारं दवाखान्यात कुणी उरलं नव्हतं. तिने कागद उचलला नाही.

"घोड्यांची बाटली मी काढली," ती म्हणाली. "इंजेक्शन मी दिलं. बाबा त्या खोलीत नव्हतेच."