साडेचार बोटांचा मोजा

मी डावा हातमोजा बोलतोय. उजवा इथे माझ्या शेजारीच आहे, पण तो बोलायचा नाही. तो पडला शांत स्वभावाचा. माझं तसं नाही बुवा. मला एका जागी बसवत नाही, आणि गेल्या आठवड्यात माझ्यावर जे गुदरलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

मी राखाडी लोकरीचा आहे आणि मला साडेचार बोटं आहेत. हसू नका. ती चूक नाही, मला तसंच विणलंय.

माझे मालक विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकं बांधतात. तळघरात त्यांची खोली आहे. तिथे खळीचा आणि सरसाचा वास बारा महिने कोंडलेला असतो. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो. पुष्कळ वर्षांपूर्वी कागद कापायच्या यंत्राखाली काकांच्या डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट आलं. अर्ध्यावर निभावलं हे नशीब. पण हिवाळा आला की पंचाईत व्हायची. दुकानातले मोजे सगळे पाच बोटांचे. त्या बोटाचं रिकामं टोक पुढे लोंबायचं, सायकलच्या ब्रेकमध्ये अडकायचं, किल्लीबरोबर कुलपात शिरायचं. एकदा तर चहात बुडालं.

चहाचं ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "आणा तो हात इकडे." बोटाला दोरा गुंडाळून त्यांनी माप घेतलं. "बोट जिथे संपतं तिथे मोजा संपला पाहिजे. मालक थांबला तरी नोकर आपला पुढे पुढे, हे काय!" आणि एकाच गुंड्यातून त्यांनी आम्हा दोघा भावांना विणलं.

अलीकडे मात्र काकूंच्या हातांनी दगा दिला. सांधे सुजले, बोटं आखडली. डब्याचं झाकण निघेना, कोटाची गुंडी लागेना. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी टोपी विणायला घेतली होती, तर टाके सुईवरून निसटत राहिले. शेवटी सगळं टोपलीत भिरकावून म्हणाल्या, "संपलं. हे हात आता नुसते शोभेचे." एरवी त्या बोलायला लागल्या की घर दणाणतं. पण त्या दिवसापासून विणण्याचा विषय निघाला की गप्प. काका तर लोकरीच्या दुकानावरून जायचं टाळायला वाट वाकडी करायला लागले. घरात त्या हातांचं धड असं काम उरलं ते आम्हीच दोघं. आम्हाला काही झालेलं काकांना चालणारच नव्हतं.

आणि नेमका मीच हरवलो.

नाताळच्या सुट्टीआधीचा आठवडा म्हणजे या गावाला नुसती लगीनघाई. वर्षभर पुस्तकं दाबून बसलेल्यांना ती परत करायची आठवण याच आठवड्यात होते. अभ्यासिकेत खोकल्यांचा कोरस चालू असतो. आणि प्रबंधवाले! छातीशी कागदांची चळत धरून ते तळघराच्या पायऱ्या उतरतात, चेहरा असा की आत्ताच आगीतून सुटून आलेत.

"काका, उद्या द्यायचाय हो!"

"इतकी वर्षं काय करत होतास?"

"लिहीत होतो."

"लिहायला वर्षं लागली, आणि बांधायला एक रात्र? वा रे वा!" असं म्हणतात, आणि बांधूनही देतात.

त्या संध्याकाळी काका असेच उशिरा निघाले. फाटकाशी किल्ली सापडेना म्हणून त्यांनी मला दातांनी ओढून काढलं (वाईट सवय, शंभरदा सांगायला हवं) आणि काखेत दाबलं. किल्ली सापडली, कुलूप उघडलं, सायकलवर टांग टाकली, की मी खाली. अहो, किती ओरडलो! पण लोकरीचा आवाज तो किती जाणार? काका वळणावर दिसेनासे झाले आणि मागून आलेली एक सायकल माझ्या अंगावरून गेली.

या गावाची एक रीत आहे. हिवाळ्यात रस्त्यावर एकटा मोजा दिसला की कोणीतरी उचलतं, झटकतं आणि जवळच्या कुंपणाच्या टोकावर खोचून ठेवतं, म्हणजे ज्याचा असेल त्याला दिसावा. धावायला निघालेल्या एका मुलीनं मला तसंच ग्रंथालयाच्या लोखंडी कुंपणावर खोचलं. माझ्या मधल्या बोटात गज, बाकीची बोटं वाऱ्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबा म्हणणाऱ्या पोलिसासारखा मी दिसत होतो, आणि थांबत कोणी नव्हतं.

सकाळी रस्ते गोठून काच झाले होते. काकांनी सायकल घरी ठेवली आणि ते बसनं यायला लागले, आणि बस थांबते मागच्या फाटकाशी! ते मागून यायचे, मागून जायचे. मी आपला पुढे टांगलेला.

हात नसला की मोज्याला दुसरं काय काम? बघत बसलो. पानं झडलेली झाडं, दगडी कमानीखाली टेकवून ठेवलेल्या सायकलींची रांग, त्यांच्या सीटवर पांढरं दव. एक प्राध्यापक स्वतःशीच वाद घालत रस्ता ओलांडायचे आणि पलीकडे पोचेपर्यंत वाद हरलेले दिसायचे. घरी निघालेली मुलं चाकांच्या बॅगा दगडी फरसबंदीवरून ओढायची, तो खडखडाट ऐकून माझं चित्त थाऱ्यावर राहत नसे. प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं. समोरच्या प्रार्थनाघरात गाण्याची तालीम चालायची, आणि एकाच ओळीवर गाडी अडायची. अरे, पुढे चला ना, असं मला होऊन जायचं! दोनतीन जणांनी मला घालून पाहिलं.

"हे बघ, याचं बोट उंदरानं खाल्लंय," एक विद्यार्थी म्हणाला. मैत्रीण हसली. मला पुन्हा गजावर चढवून दोघं गेले.

मग आल्या शिलालेखवाल्या बाई. निवृत्त झाल्या तरी रोज ग्रंथालयात येतात. जन्मभर त्यांनी फुटक्या दगडांवरचे लेख वाचले आणि कुठलं अक्षर झिजून गेलं असेल ते सांगितलं. त्यामुळे कुठे काही अर्धवट दिसलं की बाईंचा हात शिवशिवतो. त्यांनी मला उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि "अरेरे" म्हणून पिशवीत टाकलं.

घरी त्यांची धाकटी बहीण होती. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. "ताई, हे बोट तुटलेलं वाटत नाही गं. टोक नीट मिटवलंय. मुद्दामच तेवढं विणलं असेल."

"मुद्दाम? माणसाला हाताला पाच बोटं असतात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"कोणाला नसतील."

"एखाद्याला नसतील म्हणून आपण मूळ लेखाचा पाठ बदलायचा का?"

झालं! बहिणीनं हात टेकले. बाईंनी माझं टोक उसवलं. काकूंनी दोऱ्यानं मोजून जिथे मला थांबवलं होतं, तिथून त्या सुटल्या त्या थेट नखापर्यंत गेल्या. लोकरसुद्धा शोधून शोधून माझ्या रंगाची लावली. खोटं कशाला बोलू, काम अगदी झकास होतं. वर वासाच्या साबणानं मला धुतलं. खळ गेली, सरस गेला, काकांच्या खोलीचा वास गेला. सकाळी कपड्यांचा चिमटा लावून बाईंनी मला पुन्हा कुंपणावर बसवलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि खूष होऊन आत गेल्या. माणसं वाईट नसतात हो. पण चांगल्या माणसांपासून जपायचं कसं, ते कोणी शिकवत नाही.

आणि त्याच दिवशी रस्त्यांवरचा बर्फ वितळला आणि काका सायकलवरून पुढच्या फाटकाशी आले. उजव्या हातात माझा भाऊ, डावा हात कोटाच्या खिशात.

काकांनी रखवालदाराला विचारलं, "राखाडी मोजा सापडलाय का हो कुठे? डाव्या हाताचा?"

"तो काय, कुंपणावर आहे एक."

काका जवळजवळ धावत आले. चिमटा काढला, मला हातात घेतलं. तो अर्ध्या बोटाचा उघडा, गार पडलेला हात! मग त्यांनी माझी बोटं पाहिली, नव्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाही हो. याला सगळी बोटं आहेत."

"असू देत की. थंडी तर अडेल."

"थंडीचं काय घेऊन बसलात? बायकोनं विणलेला होता. तिला आता विणता येत नाही. हरवला म्हणून सांगितलं, तर मोज्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. आपल्या हातांकडे बघत बसेल. तेच मला बघवत नाही."

"म्हणजे अजून सांगितलं नाहीत?"

"खिशात हात घालून घरात शिरतो आणि खिशात हात घालून निघतो," काका म्हणाले. त्यांनी मला परत लावलं, चिमटासुद्धा नीट बसवला, आणि गेले. मीच आहे, मीच आहे म्हणून मी वाऱ्यावर किती फडफडलो! फडफडणारा मोजा म्हणजे माणसाला वाटतं वारा सुटलाय.

सुट्टी लागायच्या दिवशी दुपारी काकू आल्या. घरापासून चालत, रस्त्याच्या कडेला खाली बघत बघत. डोक्याला रुमाल, हात काखेत दडवलेले. माझ्यापाशी थांबल्या, तसा रखवालदार म्हणाला, "काकू, तो काकांचा नाही. ते कालच बघून गेलेत."

"त्यांनी बघितलं म्हणजे झालंच!" असं म्हणून त्यांनी मला ओढून काढलं. चिमटा उघडता येईना, तर चिमट्यासकट. पुरं झालेलं बोट पाहून त्या थबकल्या. मग माझा अंगठा वळवून पाहिला. काकू अंगठा जरा तळव्याकडे घेऊन विणतात, तळघरातल्या गारठ्यात काकांना मोज्यासकट सुई धरायला सोपं जावं म्हणून. तसा कोणी विणत नाही. मला घेऊन त्या थेट तळघरात उतरल्या.

"अगं, तू इथे?" काकांनी हात झटकन मागे लपवला.

"राहू दे. रोज येताजाता डावा हात खिशात. मला काय डोळे नाहीत? कोटात एकटा उजवा सापडला तेव्हाच समजलं. हा घ्या."

"अगं, तो आपला नाही. त्याला पाच बोटं आहेत."

"असतील. अंगठा माझा आहे."

काकांनी मला दिव्याखाली धरलं, अंगठा पुन्हा पुन्हा चाचपला. "मी याला हातात घेऊन परत ठेवला गं," ते म्हणाले.

"बरं, आता रडू नका. सुई द्या तुमची. दोरा ओवून द्या, पुढे हात लावायचा नाही."

बाईंनी घातलेली लोकर काकूंनी उसवली. ते सोपं होतं. उघडे टाके दोऱ्यात गोळा करून टोक मिटवायचं, हे पूर्वी त्यांनी बोलता बोलता केलं असतं. आता सुई बोटांतून घसरायची, एक टाका धरला की दुसरा निसटायचा. मध्येच त्यांनी मला टेबलावर टाकलं. "नाही व्हायचं माझ्याच्यानं."

काकांच्या तोंडावर आलं होतं, मी करतो म्हणून. जन्म पुस्तकं शिवण्यात गेला, त्यांना काय अवघड होतं? पण ते उगाचच खळीचा डबा ढवळत राहिले. प्रबंधवाला एक दारात आला, "काका, माझं..." म्हणाला, तर त्याला हातानंच थोपवलं.

काकूंनी मला पुन्हा उचललं.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटचा टाका ओढून त्यांनी गाठ मारली. ती सुटली. परत मारली, आणि दातांनी घट्ट केली.

"घाला. बोट हलवून दाखवा."

काकांनी मला घातलं आणि अर्धं बोट आत हलवलं. माझं तोकडं टोक वरखाली झालं.

"वाकडं झालंय," काकू म्हणाल्या.

"छे! झकास बसलंय."

"टोचत नाही ना कुठे?"

"अजिबात नाही. पहिल्यापेक्षा बरं."

काकू आपले हात उलटसुलट करून बघत राहिल्या. "म्हणजे एवढं येतंय अजून," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या हो.

आता विद्यापीठ बंद झालंय. मी आणि उजवा रोज काकांबरोबर फिरायला जातो. टोकाशी माझी लोकर चुरगळल्यासारखी आहे आणि अंगाला साबणाचा वास अजून येतोय. काकू रोज विचारतात, बोट नीट बसतंय ना? काका म्हणतात, मस्त.

तर एवढं ऐकलंत, आता माझं एक ऐका. गाठ आत राहिलीय. टणक आहे, आणि काकांच्या बोटाच्या नाजूक टोकाला पावलोपावली टोचते. कोपऱ्यावर वळून काकूंच्या नजरेआड झाले की ते मला अर्धवट काढतात, बोट चोळतात आणि परत घालतात. त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. तुम्हाला सांगून बसलो, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण तुम्हाला काकू कुठे भेटल्याच, तर हात जोडतो, म्हणजे उजव्याला सांगून जोडतो, तेवढं बोलू नका.