जिताड्याच्या पोटावरचं बटन

मी एक बटन बोलतोय. सदऱ्याचं नाही, लिफ्टचंही नाही. वेबपानावर असतं ना, दाबलं की पुढचं काम होतं, तसलं. माझ्यावर ‘मागवा’ असं लिहिलेलं होतं. होतं म्हणतोय, कारण आता काहीच लिहिलेलं नाही.

माझा जन्म दिवाळे गावात, बेलापूरच्या खाडीकाठच्या एका घरात पलंगावर झाला. जन्मदाती भाविका. ती महापेच्या एका ऑफिसात नोकरीला आहे. पानावरची शीर्षकं, चौकटी, बटनं निरनिराळ्या ब्राउजरमध्ये कशी दिसतात ते बघायचं आणि वाईट दिसली की बनवणाऱ्याला नावं ठेवायची, हे तिचं काम. नावं ठेवायचा पगार मिळतो हे तिच्या आईला अजून पटलेलं नाही. आई ते काम आयुष्यभर फुकट करत आली.

आई म्हणजे मालतीबाई. डोक्यावर टोपली घेऊन नेरुळच्या सोसायट्यांच्या फाटकांवर त्यांनी उभा जन्म मासळी विकली. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी टोपली बंद केली. गिऱ्हाईकं आठवडाभर वाट बघतील आणि मग घरपोच मासळी देणाऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपकडे वळतील, ही धास्ती. म्हणून भाविकाने पान बनवलं. वर जिताडा माशाचा फोटो, खाली मी. मला दाबलं की मालतीबाईंच्या फोनवर निरोप जाणार आणि शेजारचा रिक्षावाला माल पोचवणार. अख्खा धंदा माझ्या डोक्यावर. मी फुगणारच.

शिवाय माझे लाड काय कमी झाले? एका ब्राउजरमध्ये मी पसरट दिसलो, दुसऱ्यात माझे कोपरे बोचरे झाले. एका जुन्या टॅबवर मी पानाबाहेर लोंबत होतो. मालतीबाईंच्या फोनवर अक्षरं भोपळ्याएवढी, तिथे माझा ‘मा’ वर राहिला आणि खाली नुसता ‘गवा’ उरला. भाविकाने सगळं निस्तरलं. रंग निवडायला तर तिने लग्नाच्या शालूएवढा वेळ घेतला आणि शेवटी मला केशरी केलं. मी सगळ्या ब्राउजरांत देखणा दिसू लागलो. त्या थंड, बटबटीत डोळ्यांच्या जिताड्यापेक्षा तर नक्कीच.

रविवारी परीक्षा ठरली. जुन्या गिऱ्हाईक सत्यभामाबाई नेरुळहून आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. पहिल्यांदा मालतीबाईंच्या टोपलीशी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या होत्या, आता काटासुद्धा चोखून ठेवतात. भाविकाने त्यांच्या हातात फोन दिला. कोणी काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं, असा तिचा ऑफिसातला नियम होता.

बाईंनी चष्मा लावला आणि जिताड्याचं पोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग मासा ताजा आहे का ते बघायला नखाने कल्ला उचलायचा प्रयत्न केला. मालतीबाईंनाही राहवेना. त्यांनी वाकून शेपटीजवळ बोट टेकवलं आणि सवयीने पदराला पुसलं. मी खाली केशरी होऊन ताटकळत उभा. माझ्याकडे कुत्रं बघेना.

शेवटी भाविकाने स्वतःचा नियम मोडला. “काकू, तो फोटो आहे. खाली केशरी बटन आहे ना, ते दाबा.”

“दाबते की,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “पर आदी मासा तर दाबून बगू दे.”

मालतीबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. “ऱ्हाऊ दे गो भाविका. माजी टोपली काढ.”

मला तेव्हा माझ्या केशरी रंगाची लाज वाटली. एवढा नटून मी मालतीबाईंच्या काय कामाचा?

भाविकाने टोपली काढली नाही, लॅपटॉप काढला. आधी माझी अक्षरं पुसली. मग रंग काढला. कोपरे गेले. मला पार काचेसारखं करून तिने डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याच जिताड्यावर ताणून बसवलं. मी मनातल्या मनात खूप बोंबललो. एवढे लाड करून शेवटी मासळीवर पांघरूण?

फोन पुन्हा सत्यभामाबाईंच्या हातात गेला. त्यांनी पोट दाबलं, म्हणजे मला दाबलं. फळीवरचा मालतीबाईंचा फोन वाजला. त्यांनी उभ्याउभ्या एकेक अक्षर जुळवत वाचलं, “सत्यभामा, नेरुळ. तीन जिताडे.” बाईंनी सवयीने तीनदा दाबलं होतं. बोललेला शब्द फिरवायचा नाही म्हणून त्यांनी तिन्ही नेले आणि नणंदेला सहकुटुंब जेवायला बोलावलं.

मालतीबाई हळूच खाली बसल्या. “टोपली ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या.

आता भाविकाने मला शहाणं केलंय. पहिल्यांदा दाबलं की मी त्या दिवशीच्या माशाचे कल्ले दाखवतो, मग किती हवेत ते विचारतो. कौतुक मात्र सगळं जिताड्याचं होतं. त्या मेलेल्याला काय, तो तसाच बघत पडलेला असतो. राग येतो मला त्याचा, अजून येतो.

तर, कधी त्या पानावर आलात तर मासा खुशाल दाबा, लाजू नका. मी काही तुम्हाला दिसणार नाही. सोसायटीच्या फाटकाशी मालतीबाई तरी आता कुठे दिसतात? पण बोट टेकवून बघा. आम्ही दोघंही आहोत.